डिस्क बिघडली नाही भावा, मुरलीय

डिस्क गोल्फची तुझी जुनी डिस्क वाकडी जायला लागली म्हणून, अरे, टाकून देऊ नको ती! उजव्या हातानं बॅकहँड मारतोस ना, मग नवी असताना शेवटी डावीकडं पडणारी फेअरवे ड्रायव्हर (लांब पण नेमक्या थ्रोची डिस्क) आता मधेच उजवीकडं झुकतीय, हे होणारच. झाडाला आपटून, मुरमावर घासून कडेचा आकार जरा जरा बदलतो, मग टर्न (वेगात असताना उजवीकडं झुकणं) वाढतो आणि फेड (शेवटी वेग कमी झाल्यावर डावीकडं पडणं) कमी होतो. ह्याच्या खोलात आत्ता शिरू नको, डोकं फिरंल.

एवढंच बघ:

- बेस म्हणजे स्वस्तातलं प्लास्टिक लवकर मुरतं, प्रीमियम लई टिकतं. लेपर्ड ही फेअरवे ड्रायव्हर नवी असतानाच टर्न -२, फेड १ ची (टर्न उणे म्हणजे उजवीकडं झुकणारी), डीएक्स ह्या बेस प्लास्टिकमधली तर अजून पटकन मुरते.
- कडेवरनं नख फिरव. कुसळं टोचली तर बारीक पॉलिश पेपरनं तेवढीच काढ, कड तासत बसू नको.
- समोरून वारा असताना पारख करू नको, तेव्हा कोरी डिस्कपण जास्त उजवीकडं जाते.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक वाकड्या थ्रोचं खापर डिस्कवर फोडणं. मी टेंबलाईच्या माळावर महिनाभर एका डिस्कला शिव्या घातल्या, मग मित्राची कोरी करकरीत मारली तर तीपण तशीच गेली, सोडताना मनगट पिळत होतं माझंच! म्हणून त्याच मोल्डची (म्हणजे मॉडेलची) एक नवी घे, दोन्ही पाठोपाठ मार, फरक दिसंल. जुनी हलक्या हातानं मारून बघ, सरळ कशी जातीय ते.