वाटीतल्या दोन लाह्या सांडल्या, तोच हायकू

प्रश्न : ताई, मला आठवा महिना चालू आहे. बीपी थोडं वर गेलं म्हणून डॉक्टरांनी घरीच आराम करायला सांगितलाय, ऑफिस बंद, नुसतं पडून कंटाळा येतो म्हणून बाळासाठी एक वही केली आणि त्यात रोज एक हायकू, म्हणजे ती तीन छोट्या ओळींची जपानी धाटणीची कविता, लिहायचा असं ठरवलं. विषय ठरवले आशा आणि प्रेम. पण नवरा वाचून म्हणाला की हे ग्रीटिंग कार्डासारखं वाटतंय, आणि राग आला तरी खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. उदाहरण देते,

आशेचा दीप
प्रेमाने उजळला
येणार बाळ

अक्षरं बरोबर पाच सात पाच आहेत, मग चुकतंय कुठे? जोडाक्षर एक धरायचं की दोन हेही सांगा. आमचं पहिल्या वेळी तिसऱ्या महिन्यात राहिलं नव्हतं, त्यामुळे फार आनंदाचं लिहायला पण हात धजत नाही. बाकी मजेत आहे. काल नागपंचमीच्या लाह्यांची वाटी पोटावर ठेवून खात होते तर आतून अशी लाथ बसली की वाटी हलली आणि दोन लाह्या सांडल्या. सासूबाईंनी नणंदेच्या मुलाची जुनी झबली धुऊन ठेवलीत, नवीन काही आधी आणायचं नाही म्हणतात, पण पावसाने ती चार दिवस वाळतच नाहीयेत.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, तुला तुम्ही म्हणायला घेतलं होतं पण पत्र वाचता वाचता अगंवरच आले, चालवून घे. तुझा हायकू पत्राच्या वरच्या भागात नाहीये, तो खाली 'बाकी मजेत आहे' नंतर सुरू होतो. तुझेच शब्द मी फक्त तीन ओळींत बसवले, बघ,

लाह्यांची वाटी
पोटावर हलली
सांडल्या दोन

यात बाळ हा शब्द नाही, आई नाही, प्रेम तर नाहीच, पण वाटी का हलली हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं आणि ते कळायला जो अर्धा सेकंद लागतो ना, तिथे हायकू असतो. जपानी हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द घालायची पद्धत आहे, त्याला किगो म्हणतात. आता तू म्हणशील यात ऋतू कुठे आला, मी पण आधी 'श्रावणसर, पोटावरची वाटी, हलते जरा' असं करून पाहिलं. अक्षरं बसली, पण गंमत गेली. आणि मग लक्षात आलं की अगं, लाह्या म्हटल्या की आपल्याकडे नागपंचमी आलीच की! श्रावण वेगळा कशाला घालायचा. किगो बाहेरून आणून चिकटवायचा नसतो, तो बऱ्याचदा ताटातच असतो.

दिवा, ज्योत, कळी, पहाट हे सगळे शब्द निदान डिलिव्हरीपर्यंत माळ्यावर टाक. वाईट नाहीत ते, पण इतक्या हातांतून गेलेत की त्यात तुझं बाळ कुठलं आणि शेजारणीचं कुठलं ते कळत नाही.

आता मोजणीचं. जोडाक्षर एकच धरायचं, 'प्रे' एक, 'ल्या' एक. पण त्यासाठी झोप घालवू नकोस, कारण जपानी लोक मोजतात ते आपलं अक्षर नव्हेच. त्यांच्यात दीर्घ स्वराचे दोन होतात, शेवटचा न् सुद्धा वेगळा मोजतात. टोक्यो आपल्याला दोन अक्षरी दिसतं, त्यांच्या हिशोबाने ते चार होतं! तेव्हा सतरा अक्षरं म्हणजे आपण आपल्या सोयीने केलेला करार आहे. मराठीत हायकू आणला आणि रुजवला तो शिरीष पै (1929–2017) यांनी, आचार्य अत्र्यांची मुलगी. त्या काही अक्षरांचा हिशोब घट्ट धरून बसल्या नाहीत, तीन छोट्या ओळी, त्यातल्या दोन यमकाने जुळणाऱ्या, आणि एक क्षण. तुला पाच सात पाचाची शिस्त आवडत असेल तर पाळ, पण एखादं अक्षर बसवण्यासाठी 'गे' आणि 'ना' घुसवायला लागलीस की समज, ओळ बिघडली.

आनंदाचं लिहायला हात धजत नाही म्हणतेस, तर नको लिहूस ना. आशा म्हणजे काही कायम हसरा चेहरा नव्हे. सासूबाई नवे कपडे आधी आणू देत नाहीत त्यातही तेच आहे, भीती पण आहे आणि तयारी पण आहे, म्हणून तर जुनी झबली धुतली. मी हे असं लिहीन,

दोरीवरती
एवढंसं झबलं
अजून ओलं

त्या 'अजून' मध्ये काय ते सगळं आलं. बाळाला अजून वेळ आहे, ऊन नाही, तू चार दिवस रोज तिकडे बघतेयस. मागच्या वेळचं सांगायचं असेल तर तेही तिथेच आहे, वाचणाऱ्याला दिसलं तर दिसलं.

नाकामुरा कुसाताओ (1901–1983) नावाचे एक जपानी कवी होते, त्यांचा एक प्रसिद्ध हायकू बाळाच्या पहिल्या दातावर आहे. आजूबाजूला सगळीकडे गच्च हिरवं आणि त्यात माझ्या बाळाला दात येतोय, बस, एवढंच. हिरव्यासमोर तो इवलासा पांढरा ठिपका दिसतो की नाही? बापाचं प्रेम किती ते सांगायची गरजच पडली नाही. हा प्रकार तुला सहा सात महिन्यांनी लागेलच, तेव्हा वही संपवू नकोस.

आणि हो, नवऱ्याने खरं बोलायची हिंमत केली त्याबद्दल त्याच्यावर एक तरी लिही. सध्या वाकता येत नसणार, मग सँडलचा पट्टा कोण लावून देतं? तिथून सुरू कर.

प्रश्न : मागच्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला गेले होते. तारीख उलटून गेली तरी बाळ येईना, बाहेर जाता येत नव्हतं, तेव्हा बसल्या बसल्या हे सुचलं. बाळंतिणीसाठी म्हणून इथून नेलेले लाडू लेकीने आधीच फस्त करायला घेतले होते त्याचं आहे.

दारात बर्फ
डिंकाच्या लाडवाचा
डबा उघडा

मैत्रीण म्हणते की बर्फ आपल्या मराठी हायकूत शोभत नाही, आणि यात प्रेमाचं काहीच नाही, एखादा शब्द घालू का?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, बर्फ तुमच्या दारात होता ना, मग तो तुमचाच ऋतू. बर्फ आणि डिंक एका हायकूत मी तरी आधी कधी पाहिले नव्हते. शब्द घालू नका. लाडू किती उरले तेवढं मात्र कळवा.