घटनेतल्या मूल्यांचा तात्त्विक पाया कोणता?

तुम्ही विचारलंय की प्रतिष्ठा, समता वगैरे मूल्यं घटनेत एखाद्या तत्त्वज्ञानातून येतात, की न्यायाधीश स्वतःची मतंच मूल्य म्हणून खपवतात?

आधी तत्त्वज्ञान आणि मग त्यातून कलम, असं घडताना मला तरी फारसं दिसत नाही. आधी शब्दावर एकमत होतं, कारणं ज्याची त्याच्यापाशी राहतात. जर्मनीची १९४९ची घटना बघा. पहिलंच कलम सांगतं की मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे. का, ते सांगत नाही. मसुद्याच्या चर्चेत थिओडोर हॉइस (हे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी या प्रतिष्ठेला 'अर्थ न लावलेलं विधान' म्हटलं होतं. कुणी तिचं मूळ ईश्वरात शोधलं असतं, कुणी जर्मन तत्त्वज्ञ कांटमध्ये. त्यावर अडून बसले असते तर कलमच झालं नसतं.

मग पाया भरायचं काम न्यायालयाच्या गळ्यात पडलं. अपहरण झालेलं विमान शस्त्रासारखं वापरलं जाणार असेल तर ते पाडण्याची मुभा देणारी तरतूद तिथल्या घटना न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली. निरपराध प्रवाशांना इतरांच्या बचावाचं निव्वळ साधन करता येत नाही, हे कारण. 'ते तसेही मरणारच होते' हा युक्तिवादसुद्धा चालला नाही. हा उघड उघड कांट आहे: माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, हे त्याचंच म्हणणं. उपयुक्ततावादी (जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात, एवढंच बघणारा) इथे डोकी मोजेल आणि उलट निकाल देईल, आणि त्याला मूर्ख म्हणणं मला तरी जमणार नाही.

म्हणजे तुमची शंका पोकळ नाही. १९५८च्या ल्यूट खटल्यात याच न्यायालयाने मूलभूत हक्कांत 'वस्तुनिष्ठ मूल्यव्यवस्था' पाहिली, म्हणजे कुणाच्या वैयक्तिक मतावर अवलंबून नसलेली मूल्यांची रचना. पुढे तिथेच न्यायाधीश झालेले ब्योकेनफोर्ड या मूल्यांच्या भाषेवर सडकून टीका करत: मूल्यं तोलायला तराजूच नाही, मग 'मूल्य' हा शब्द आधीच घेतलेल्या निर्णयावरचा पडदा ठरतो.

मला हे अर्धंच पटतं. पडदा असतो, पण कारणं लिहावी लागतात म्हणून तो पातळ होतो. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९५ मध्ये एकमताने फाशी रद्द केली, तरी अकराही न्यायमूर्तींनी स्वतंत्र निकालपत्रं लिहिली. काहींचा आधार उबुंटू हा आफ्रिकी विचार होता, म्हणजे माणूस माणूस असतो तो इतर माणसांमुळे. कांटचा स्वायत्त, स्वतःचा नियम स्वतः ठरवणारा माणूस यात कुठे बसतो? नीट बसत नाही. निकाल मात्र एकच.