पिक्सार या कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा पहिला चित्रपट 'टॉय स्टोरी' मध्येच बंद पडला होता, हे खरं का?

हो, बंद पडला होता. १९ नोव्हेंबर १९९३, वार शुक्रवार. पण ते सांगायला जरा मागे जायला हवं.

'टॉय स्टोरी'चं मूळ त्याचाच दिग्दर्शक जॉन लॅसेटर याच्या 'टिन टॉय' (१९८८) या छोट्या फिल्ममध्ये आहे. तिला ऑस्कर मिळालं, मग तिच्यातल्या टिनीवर, म्हणजे पाठीवर ढोल असलेल्या पत्र्याच्या वाजंत्र्यावर, नाताळसाठी अर्ध्या तासाचा टीव्ही कार्यक्रम करायचं ठरत होतं. १९९१ मध्ये डिस्नेशी करार झाला आणि अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाचा अख्खा चित्रपट झाला. खेळणीच का? तेव्हा कॉम्प्युटरवर काहीही काढा, ते प्लास्टिकचंच दिसायचं. मग पात्रंच प्लास्टिकची घेतली, झालं!

पहिल्या कथेत टिनी प्रवासात वाटेत मागे राहतो आणि त्याची गाठ पडते एका बोलक्या बाहुल्याशी, आपल्या अर्धवटरावाच्या जातकुळीतल्या. टिनी फारच जुनाट वाटला, म्हणून त्याचा अंतराळवीर झाला, तोच बझ. बाहुल्याचा झाला काउबॉय, म्हणजे वूडी.

घोळ पुढे झाला. डिस्नेचे जेफ्री कॅट्झनबर्ग म्हणत राहिले, पात्रांना धार आणा. प्रत्येक सूचनेसरशी वूडी जास्तच खडूस होत गेला. त्या शुक्रवारी डिस्नेला जी रीळ दाखवली (नुसती चित्रं आणि आवाज, आम्ही याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतो) तिच्यात वूडी बझला मुद्दाम खिडकीबाहेर ढकलतो आणि वर बिचाऱ्या स्लिंकीवरच, म्हणजे स्प्रिंगच्या कुत्र्यावर, खेकसतो. डिस्नेनं काम थांबवलं.

मी पुण्यात स्टोरीबोर्ड काढतो. ही जुनी रीळ नंतर डीव्हीडीवर आली, ती मी आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या पोरांना दाखवतो. दोन मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "सर, हा हिरो आहे?"

लॅसेटरनं दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. अँड्र्यू स्टँटन, पीट डॉक्टर, जो रॅन्फ्ट ही मंडळी पुन्हा कथेला बसली, आणि १९९४ च्या सुरुवातीला काम परत सुरू झालं. खिडकीचा प्रसंग काढून टाकला नाही, हे मला फार आवडतं. आता वूडीला बझला फक्त टेबलामागच्या फटीत पाडायचंय. तो रिमोटची गाडी त्याच्या अंगावर सोडतो, बझ चुकवतो, गाडी भिंतीवरच्या बोर्डावर आदळते, टाचण्या पडतात, पृथ्वीचा गोल घरंगळतो, टेबललॅम्प फिरतो आणि बझ खिडकीबाहेर! वूडीच्या मनात खोट आहेच, पण एवढं त्याला नको होतं. बाकीच्या खेळण्यांना मात्र ते पटत नाही. पुढची सगळी गोष्ट याच गैरसमजावर चालते.

चित्रपट लागला २२ नोव्हेंबर १९९५ ला. बझला धक्का देणारा तो लाल टेबललॅम्प ओळखीचा वाटला असेल, तर पिक्सारचीच १९८६ ची छोटी फिल्म 'लक्सो ज्युनिअर' बघा, दोनच मिनिटांची आहे.