थायरॉइडची गोळी चालू आहे, तरी मन का लागत नाही?

“गोळी रोज घेते, तरी कशातच मन लागत नाही. माझंच मन कमकुवत आहे का हो?” थायरॉइड कमी असल्याचं निदान झालेल्या, समुपदेशनाला आलेल्या एका बाईंचा हा प्रश्न. सोबत थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सोसत नाही, बोलता बोलता शब्द आठवत नाही. घरच्यांच्या मते हा आळस.

हा आळस नाही आणि कमकुवतपणाही नाही. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी पडलं की शरीराबरोबर मेंदूचाही वेग मंदावतो आणि ते वरून हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं.

गोळी कशी घेता, हे विचारल्यावर घोळ कळला. सकाळी चहाबरोबर, आणि विसरायला नको म्हणून लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही त्याच घोटात. लोह आणि कॅल्शियम हे औषध आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात पुरतं उतरू देत नाहीत. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, निघाला १४, म्हणजे जास्त. डॉक्टरांनी डोस तोच ठेवून आधी वेळ बदलली: उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, पुढे अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही, लोह-कॅल्शियम चार तासांनी. फेरतपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. त्याआधीचा आकडा फसवा असतो, कारण औषधाची रक्तातली पातळी स्थिरावायला तेवढे दिवस लागतातच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. त्याने रिपोर्ट चुकू शकतो.

तोवर समुपदेशन थांबवलं नाही. रोज झोपेचे तास आणि मनःस्थितीला ० ते १० पैकी गुण, एवढंच वहीत लिहायचं.

आठ आठवड्यांनी टीएसएच ३ वर आला. थंडी, बद्धकोष्ठता कमी झाली, शब्द आठवू लागले. पण वहीतले मनाचे गुण ३-४ च्या पुढे सरकेनात. रडू आणि अपराधीपणा तसाच. असं बऱ्याच जणांचं होतं. हार्मोन ताळ्यावर आलं तरी नैराश्य मागे उरू शकतं, आणि त्याला त्याचे स्वतंत्र उपचार लागतात. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

अशा वेळी आपल्या मनाने थायरॉइडची गोळी वाढवू नका. जास्त झाली की धडधड, हातांना कंप, झोप उडणं सुरू होतं आणि ही लक्षणं चिंतेचीच वाटू लागतात. मानसोपचारतज्ज्ञांना थायरॉइडबद्दल आवर्जून सांगा. मनाच्या आजारात देतात त्या लिथियमसारख्या औषधाने थायरॉइड आणखी मंदावू शकतं. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.