जुन्या इंग्रजी शब्दांच्या मागे लागण्याआधी

शब्दाची गोष्ट जितकी गोड, तितका संशय जास्त घ्या. ‘पॉश’चंच बघा. मुंबईला येणाऱ्या बोटींवर श्रीमंतांना जाता-येता सावलीकडच्या केबिन मिळायच्या, तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची (इंग्लंडहून निघताना डावी बाजू, परतताना उजवी) आद्याक्षरं असायची, त्यावरून हा शब्द आला, असं लोक छातीठोकपणे सांगतात. तसं एकही तिकीट सापडलेलं नाही. आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली. त्याआधीच्या शब्दाची कोणी अशी फोड केली, तर बहुतेक थापच समजा.

तारखा बघायची सवय लावा. मोठ्या ऑक्सफर्ड कोशात (पहिला भाग १८८४, शेवटचा १९२८) अर्थागणिक जुन्यातलं जुनं उदाहरण सालासकट मिळतं. अर्थ कसे पालटले ते तिथंच कळतं. ‘नाइस’ लॅटिन ‘नेस्कियस’वरून, म्हणजे अडाणी, चौदाव्या शतकात कुणाला नाइस म्हणणं म्हणजे मूर्ख म्हणणं. ‘सिली’चं बरोबर उलटं: आधी सुखी, धन्य, मग बिचारा, शेवटी खुळा!

पण कोशही माणसंच लिहितात. १९३४च्या वेबस्टर या अमेरिकन कोशात ‘डॉर्ड’ म्हणजे घनता, असा शब्द चक्क छापून गेला. मूळ चिठ्ठीवर होतं ‘डी ऑर डी’, म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी.

आणि ‘मंगूज’चं हंसाशी, म्हणजे ‘गूज’शी, नातं जोडू नका. तो आपल्या मुंगसावरून गेलाय. म्हणून अनेकवचन लिहिताना ‘गूज’च्या ‘गीज’सारखं ‘मंगीज’ नको, ‘मंगूजेस’च लिहा.