बायपासनंतर पित्तनलिकेत खडा झाला तर नेहमीची ईआरसीपी खरंच होत नाही का?

आईंचं वजनासाठी बायपास झालेलं आहे, आता एमआरसीपीत (पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये) पित्तनलिकेत खडा दिसतोय आणि 'इथे ईआरसीपी जमणार नाही' (म्हणजे तोंडातून दुर्बीण नेऊन खडा काढता येणार नाही) असं सांगून पुढे पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. ही टाळाटाळ नाही. मी पोटविकारतज्ज्ञ आहे, ईआरसीपी हे माझं नेहमीचं काम. तरी असा पेशंट आला की आधी ऑपरेशनची जुनी फाईल मागतो.

कारण आपल्याकडे वजनाच्या कुठल्याही ऑपरेशनला लोक सर्रास 'बायपास' म्हणतात. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून ते अरुंद करणं, वाट तीच राहते) झालेलं असेल तर चिंता नको, नेहमीची ईआरसीपी होते. खरा बायपास, म्हणजे रू-एन-वाय, असेल तर जठराचा जेमतेम 30 मिलीचा कप्पा वेगळा करून थेट आतड्याला जोडलेला असतो. उरलेलं जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) पोटातच, पण अन्नाच्या वाटेवर नाहीत. पित्तनलिकेचं तोंड नेमकं त्या ड्युओडेनममध्ये! तिथे जायचं तर आतड्यातून बरंच खाली उतरायचं, जोडापाशी वळायचं आणि दुसऱ्या फाट्यातून उलटं वर चढायचं. ईआरसीपीची दुर्बीण तेवढी लांब नसते. मिनी बायपासमध्ये जोड एकच, पण पित्ताकडचा फाटा बहुधा 150 ते 200 सेंटीमीटरचा, म्हणजे तिथेही लांबचाच पल्ला.

फुगा लावलेल्या लांब एन्टेरोस्कोपने (लहान आतड्याच्या दुर्बिणीने) प्रयत्न करतात. टाके नाहीत, हा फायदा. पण ढोबळमानाने तीनातल्या एका पेशंटमध्ये काम अर्धवट राहतं. पोचलो तरी पित्तनलिकेचं तोंड उलट्या बाजूने समोर येतं आणि हवी ती अवजारं या दुर्बिणीतून जात नाहीत.

आईंचं पित्ताशय अजून आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर माझं मत सरळ लॅप्रोस्कोपीच्या बाजूने. सर्जन उरलेल्या जठरात पोटावरून वाट करून देतात, त्यातून नेहमीची दुर्बीण आत जाते, खडा निघतो आणि त्याच भुलेत पित्ताशयही काढता येतं. यश 90 टक्क्यांच्या वर.

पित्ताशय आधीच काढलेलं असेल तर एज नावाची पद्धत विचारा. एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (दुर्बिणीच्या टोकाला असलेल्या सोनोग्राफीने बघून) कप्पा आणि जुनं जठर यांच्यामध्ये धातूचा रुंद स्टेंट बसवतात आणि त्या बोगद्यातून ईआरसीपी करतात. घाई नसेल तर बोगदा पक्का व्हायला काही आठवडे थांबतात, नाहीतर दुर्बीण नेताना स्टेंट निसटू शकतो. पुढे स्टेंट काढल्यावर बोगदा बुजला का, ते तपासून घ्या. उघडा राहिला तर अन्न जुन्या वाटेने जाऊन वजन पुन्हा वाढू शकतं. हे सगळीकडे होत नाही, आणि महागही पडतं.

काविळीसोबत थंडी वाजून ताप आला किंवा आई गुंगल्यासारख्या वाटल्या, तर फाईल शोधत बसू नका, तडक इमर्जन्सीत न्या. अशा वेळी सोनोग्राफीत बघून यकृतातून बारीक नळी घालून तुंबलेलं पित्त बाहेर काढता येतं. खडा नंतर काढू.