एक्सचेंज सर्व्हरचा अपडेट अर्ध्यात फेल, सगळ्या सर्व्हिसेस डिसेबल्ड, शुक्रवारचा स्नॅपशॉट परत लावू का?

नका लावू. आधी हे वाचा आणि तुमच्या व्हेंडरलाही तासभर थांबायला सांगा.

तुमचा प्रश्न मी असा समजलो: फोर्टमधलं ब्रोकरचं ऑफिस, एकच एक्सचेंज २०१९ (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), तोही व्हर्च्युअल मशीनवर. शनिवारी मार्केट बंद म्हणून सीयू १५ (एक्सचेंजचा मोठा एकत्रित अपडेट) टाकायला घेतला, बराच वेळ चालून सेटअप लाल अक्षरात पडला की एमएसएक्सचेंज एडी टोपॉलॉजी ही सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्रॅम; एडी म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी) रनिंगला पोचली नाही. रीस्टार्ट करून सर्व्हिसेसची खिडकी उघडली तर एक्सचेंजच्या झाडून सगळ्या सर्व्हिसेस डिसेबल्ड, स्टार्ट करायला गेलं की एरर १०५८. आऊटलुक बंद, वेबमेल बंद, आणि व्हेंडर म्हणतोय शुक्रवार रात्रीचा स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली अवस्था) आहे तो फिरवून टाकू, सोमवारी बघू.

मी मरोळला बसतो आणि अशाच लहान-मध्यम ऑफिसांचे मेल सर्व्हर सांभाळतो, हा प्रकार भरपूर वेळा हाताखालून गेलाय, त्यामुळे पहिलं सांगतो की घाबरू नका, तुमचा डेटाबेस बहुतेक जसाच्या तसा आहे. सर्व्हिसेस डिसेबल्ड दिसतायत त्या कोणी हल्ला केला म्हणून नाही, सेटअपनेच केल्यात. एक्सचेंजचा अपडेट सुरू झाला की तो आधी सगळ्या सर्व्हिसेस बंद करतो आणि मधेच कोणी त्या चालू करू नये, फाइल लॉक होऊ नये म्हणून डिसेबलही करून ठेवतो, आपल्याकडे रविवारी मेगाब्लॉकला ओव्हरहेडचा करंट काढतात तसं. काम नीट संपलं की तोच त्यांना मूळ जागी आणतो. तुमचं काम अर्ध्यात अडकलं, त्यामुळे करंट परत द्यायचा टप्पाच आला नाही.

आणि मेल? बाहेरून पाठवणाऱ्याचा सर्व्हर तुमचा पोर्ट २५ (मेल आत येण्याचं दार) लागत नाही म्हटल्यावर मेल फेकून देत नाही, रांगेत ठेवतो आणि परत परत ट्राय करत राहतो. एसएमटीपीचं (सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात त्या पद्धतीचं) स्टँडर्ड तर चार-पाच दिवस प्रयत्न करा म्हणतं, एक्सचेंजची स्वतःची डिफॉल्ट मुदत २ दिवसांची आहे. म्हणजे शनिवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत सर्व्हर उठला तर क्लायंटचे मेल उशिरा येतील पण येतील. हे तुमच्या साहेबांना आत्ताच फोन करून सांगा, कारण असल्या वेळी निम्मे चुकीचे निर्णय वरून प्रेशर येतं म्हणून होतात.

आता स्नॅपशॉटला मी इतक्या ठामपणे 'नाही' का म्हणतोय ते सांगतो. एक्सचेंजचं निम्मं कॉन्फिगरेशन त्या मशीनवर नसतंच, ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसच्या युजर आणि मशीन्सच्या मध्यवर्ती नोंदवहीत असतं, आणि सीयूने तिकडे आधीच नवीन गोष्टी लिहिलेल्या असू शकतात. तुम्ही मशीन शुक्रवारवर न्याल पण डिरेक्टरी शनिवारवरच राहील. मग कोणी म्हणेल डोमेन कंट्रोलरपण (ती डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर) मागे घेऊ, तर ते अजिबात करू नका, तो वेगळाच गोंधळ आहे. शिवाय शुक्रवार रात्रीनंतर शनिवारी सेटअप सुरू होईपर्यंत जे मेल आत आले ते पाठवणाऱ्याच्या दृष्टीने पोचलेत, तो परत पाठवणार नाही, स्नॅपशॉट लावला की ते गेले. आणि मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजसाठी व्हीएम स्नॅपशॉट सपोर्टच करत नाही, ते त्यांच्या डॉक्युमेंटमधे स्पष्ट लिहिलंय. सीयू अनइन्स्टॉल करून जुन्यावर जाऊ असंही कोणी सुचवेल, तेही होत नाही, अनइन्स्टॉल केलं तर एक्सचेंजच निघून जातं. तेव्हा रस्ता पुढेच आहे, तोच सीयू पूर्ण करायचा.

पण परत रन करायच्या आधी एक गोष्ट शोधायची आणि ती सोडून लोक बाकी सगळं करतात. सेटअपने डिसेबल केलेल्या सर्व्हिसेस वेगळ्या आणि ज्या आधीपासूनच कोणीतरी डिसेबल केलेल्या होत्या, ज्यांच्यामुळे सेटअप पडला, त्या वेगळ्या. खिडकीत दोन्ही सारख्याच दिसतात. सगळ्या एकदम ऑटोमॅटिक करून सेटअप परत चालवला तर कधीकधी नशिबाने जातो, पण मूळ कारण तसंच राहतं आणि पुढच्या सिक्युरिटी अपडेटला तुम्ही परत इथेच.

हे वेगळं कसं करायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधे सिस्टिम, आणि फिल्टरमधे आयडी ७०४० टाका. प्रत्येक ओळ सांगते की अमुक सर्व्हिसचा स्टार्ट टाइप ऑटोवरून डिसेबल्ड झाला, किती वाजता, कोणत्या युजरखाली. शनिवारचा एक मोठा झुबका दिसेल, एकामागोमाग एक एक्सचेंजच्या सर्व्हिसेस, आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) वगैरे, तो सेटअपचा. त्या झुबक्याच्या बाहेर, आदल्या दिवशी किंवा आदल्या आठवड्यात, एखादी एकटी ओळ दिसली तर तिच्यावर बोट ठेवा. दुसरीकडे सी ड्राइव्हवर एक्सचेंज सेटअप लॉग्ज नावाचा फोल्डर आहे, त्यातली एक्सचेंज सेटअप लॉग फाइल नोटपॅडमधे उघडा, शेवटाकडून वर जात एरर शोधा. इथे एक लक्षात ठेवा, या फाइलमधली वेळ यूटीसीमधे (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि इव्हेंट व्ह्यूअर आपली वेळ दाखवतो. लॉगमधे सकाळी ९:४० दिसलं तर ते आपलं दुपारचं ३:१०. साडेपाच तास मिळवल्याशिवाय जुळवायला गेलात तर भलत्याच ओळीला दोषी धराल.

तुमच्या एररवरून माझा पहिला संशय नेट डॉट टीसीपी पोर्ट शेअरिंग सर्व्हिसवर आहे. एडी टोपॉलॉजी तिच्यावर अवलंबून असते, आणि बाकी जवळजवळ सगळं एक्सचेंज एडी टोपॉलॉजीवर. गंमत अशी की साध्या विंडोजमधे ही सर्व्हिस डिफॉल्टनेच डिसेबल्ड असते, एक्सचेंजला लागते म्हणून ती चालू झालेली असते. त्यामुळे कोणी हार्डनिंगच्या (सुरक्षा घट्ट करण्याच्या) नावाखाली 'डिफॉल्टला आणा' केलं की हीच पहिली मरते. सेबीने ऑगस्ट २०२४ मधे सायबर सिक्युरिटीचं फ्रेमवर्क काढल्यापासून ब्रोकर मंडळींकडे ऑडिटवाल्यांच्या फेऱ्या वाढल्यात, आणि ऑडिट व्हायलाच पाहिजे त्याबद्दल वाद नाही, पण एकच चेकलिस्ट सगळ्या मशीन्सना ग्रुप पॉलिसीने (एका जागेवरून सगळीकडे सेटिंग्ज लावायची सोय) लावतात तेव्हा मेल सर्व्हर त्यात भरडला जातो. लोअर परळच्या एका ऑफिसात मी नेमकं हेच बघितलंय, सर्व्हर बरेच दिवस व्यवस्थित चालू होता कारण सर्व्हिस आधीपासून रनिंग होती, डिसेबल केलं म्हणून चालू असलेली सर्व्हिस लगेच बंद पडत नाही, ती पुढच्या रीस्टार्टला किंवा अपडेटला कळते. मग दोष बिचाऱ्या अपडेटवर येतो.

दुसरा संशय विंडोज फायरवॉल. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल टाकली की बरेच जण विंडोजची सर्व्हिसच डिसेबल करतात. फायरवॉल ऑफ ठेवणं वेगळं आणि तिची सर्व्हिस मारणं वेगळं. सेटअपला स्वतःचे रूल्स टाकायचे असतात, सर्व्हिसच नसेल तर तो एंडपॉइंट मॅपरमधे एंडपॉइंट्स उरले नाहीत असल्या अर्थाची विचित्र एरर देतो, जिच्यात फायरवॉलचं नावसुद्धा नसतं.

तिसरं म्हणजे पॉवरशेलची (विंडोजच्या कमांड-खिडकीची) एक्झिक्युशन पॉलिसी, स्क्रिप्ट चालू द्यायच्या की नाही तो नियम. ही सर्व्हिस नाही, पण परिणाम अगदी हाच होतो, अपडेट फेल आणि सर्व्हिसेस डिसेबल्ड. गेट एक्झिक्युशन पॉलिसीला लिस्ट जोडून चालवा, पाच ओळी येतील. त्यातल्या वरच्या दोन, मशीन पॉलिसी आणि युजर पॉलिसी, अनडिफाइंड असायला हव्यात. तिथे काही दुसरं दिसलं तर ते ग्रुप पॉलिसीतून आलंय, अपडेट होईपर्यंत तरी ते काढायला लावा.

ग्रुप पॉलिसीचा विषय निघालाय तर हे पण. तुम्ही हाताने सर्व्हिस ऑटोमॅटिक केली आणि पॉलिसीत ती डिसेबल्डच असेल तर ती परत पडणार. साधारण दर ९० मिनिटांनी पॉलिसी तपासली जाते, आणि सिक्युरिटीची सेटिंग्ज तर काही बदललेलं नसलं तरी १६ तासांनी परत लावली जातात. म्हणून रविवारी दुपारी चालू केलेलं सोमवारी सकाळी परत बंद सापडतं आणि माणूस वेडा होतो. तेव्हा आधी जीपीरिझल्टचा (मशीनवर कोणत्या पॉलिसी लागल्यात ते दाखवणारी कमांड) एचटीएमएल रिपोर्ट काढा, त्यात सिस्टिम सर्व्हिसेस शोधा, कोणत्या पॉलिसीतून आलंय त्याचं नावच तिथे मिळतं. मेल सर्व्हरसाठी वेगळा ओयू (डिरेक्टरीतला वेगळा गट) करून ती पॉलिसी तिथे लागणार नाही असं करा आणि ऑडिटवाल्यांना लेखी कळवा की या सर्व्हिसेस एक्सचेंजला लागतात म्हणून अपवाद. ते मान्य करतात, फक्त कागद लागतो.

कारण सापडलं की मग उठवायचं काम. मशीनचा साधा बॅकअप घेऊन ठेवा, डेटाबेसची फाइल आणि लॉग्ज कुठे आहेत ते लिहून ठेवा. आधी विंडोजच्या सर्व्हिसेस: डब्ल्यूएमआय, रिमोट रजिस्ट्री, नेट डॉट टीसीपी पोर्ट शेअरिंग, विंडोज फायरवॉल, मग आयआयएसच्या. या चालू झाल्या की एडी टोपॉलॉजी ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा. ती उठली तर अर्धी लढाई जिंकलात. नाही उठली तर पुढे जाऊ नका, आयपीव्ही६ कोणी बंद केलंय का आणि डोमेन कंट्रोलरचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सोय) लागतोय का ते बघा. ती उठल्यावर एक्सचेंजच्या बाकीच्या सर्व्हिसेस डिसेबल्डवरून ऑटोमॅटिकला आणा, पण आयमॅप आणि पॉपच्या चार सर्व्हिसेस मुळात मॅन्युअल असतात, तुम्ही वापरत नसाल तर त्या मॅन्युअलच ठेवा. सरसकट सगळं ऑटोमॅटिक करणारी एक ओळीची कमांड तुम्हाला कोणीतरी देईल, मी वापरत नाही, दहा मिनिटं वाचतात पण नको ते पोर्ट उघडे राहतात.

मग तोच सीयूचा आयएसओ (इन्स्टॉलेशनची डिस्क-फाइल), दुसरा नाही, माउंट करा आणि कमांड प्रॉम्प्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून सेटअप अपग्रेड मोडमधे चालवा. सेटअप रजिस्ट्रीत स्वतःची खूण ठेवतो, त्याला वॉटरमार्क म्हणतात, अडकलेल्या जागेपासून तो पुढे चालू करतो. ती खूण डिलीट करा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल, तो पहिल्या फटक्यात अजिबात पाळू नका. अँटिव्हायरस तेवढ्यापुरता थांबवा, एक्सचेंजचे फोल्डर एक्सक्लूजनमधे (स्कॅनमधून वगळलेल्या यादीत) आहेत ना बघा. आणि रिमोट डेस्कटॉपवरून करत असाल तर सेशन तुटू देऊ नका, लोकलमधे लॅपटॉप मांडीवर घेऊन हे करायचं काम नाही, सरळ ऑफिसात जाऊन बसा.

सेटअप यशस्वी म्हणाला तरी लगेच घरी जाऊ नका. अपडेट मधे पडल्यावर सर्व्हर कधीकधी मेंटेनन्स अवस्थेतच राहतो, सगळ्या सर्व्हिसेस रनिंग पण मेल हलत नाही. गेट सर्व्हर कंपोनंट स्टेट चालवून बघा, सर्व्हर वाइड ऑफलाइन किंवा हब ट्रान्सपोर्ट इनॲक्टिव्ह दिसले तर ज्या रिक्वेस्टरने (बंद करायची मागणी ज्याच्या नावावर नोंदलीय तो) बंद केलेत त्याच रिक्वेस्टरच्या नावाने ॲक्टिव्ह करा, दुसऱ्या नावाने केलं तर होत नाही. मग मायक्रोसॉफ्टचीच हेल्थ चेकर स्क्रिप्ट चालवा, काय राहिलं ते लाल-पिवळ्यात दाखवते. वेबमेल उघडून बाहेरच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तिकडून उत्तर घ्या, आणि ते झाल्यावर सर्व्हर एकदा स्वच्छ रीस्टार्ट करून परत बघा, कारण डिसेबल्डवाला रोग रीस्टार्टलाच बाहेर येतो.

एक मोठी गोष्ट राहिलीय. एक्सचेंज २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सीयू १५ लागला की तिथून सबस्क्रिप्शन एडिशनवर (एक्सचेंजची पुढची आवृत्ती) त्याच मशीनवर अपग्रेड करता येतं, आणि ब्रोकरच्या ऑफिसात सपोर्ट संपलेला, इंटरनेटला उघडा मेल सर्व्हर ठेवणं बरोबर नाही. तेव्हा या दुरुस्तीत सापडलेलं पॉलिसीचं कारण कायमचं काढा, कारण ते अपग्रेडही हाच सेटअप करणार आणि ह्याच सर्व्हिसेस बंद-चालू करणार.

७०४० च्या यादीत झुबक्याबाहेरची ओळ सापडली किंवा एडी टोपॉलॉजी उठलीच नाही तर सेटअप लॉगमधली पहिली एरर आणि तिच्या वरच्या चाळीस-पन्नास ओळी इथे टाका, डोमेनचं आणि सर्व्हरचं नाव झाकून. मी आज रात्री उशिरापर्यंत जागा आहे.